बिदरकडची जर्मन

सर,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. या पत्रात खोटं काही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

उद्या सकाळी शाळेत तुमची शोकसभा आहे. काल काकू स्वतः तुमच्या घरून आमच्या गल्लीत आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "सुजाता, दोन शब्द तू बोल. थोडं जर्मनमधी बी बोल गं, त्यांना बरं वाटंल." मी काही म्हणायच्या आतच मागून अप्पा म्हणाले, "बोलंल की! कामून न्हाई बोलणार?"

कुठली जर्मन बोलू, सर? तुमची की जर्मन लोकांची?

आमच्या घरात शाळेचा उंबरा ओलांडलेली मी पहिली. नर्सचं शिक्षण संपायला दोन वर्षं होती, तेव्हा कळलं की जर्मनीतल्या इस्पितळांना मुली हव्या आहेत. शिक्षण संपलं की हैदराबादला मुलाखत द्यायची होती आणि रोजच्या वापरापुरती भाषा यायला हवी होती. जर्मन येणारा बिदरमध्ये एकच माणूस, असं सगळे सांगत. निजामाच्या काळात तुम्ही हैदराबादला गिरणीत एका जर्मन इंजिनिअरच्या हाताखाली होतात ना!

अप्पा पटका हातात घेऊन तुमच्या दारात उभे राहिले. तुम्ही आम्हाला आत बोलावलंत. खुर्ची दिलीत, माठातलं पाणी स्वतः ओतून दिलंत. तुमच्या आळीत आमच्या लोकांना कुणी असं पाणी दिलेलं अप्पांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते अजून सांगतात. त्या पाण्यामुळेच तर तुमच्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही. याचाच राग येतो मला!

दोन वर्षं शिकले. दुकानात काय म्हणायचं, स्टेशनवर काय, दवाखान्यात काय, अशा तीन वह्या भरल्या. दवाखान्याच्या धड्याला तुम्ही रोगी होऊन खाटेवर आडवे व्हायचात, कण्हायचात. स्वयंपाकघरातून काकू ओरडायच्या, "खरंच दुखायलंय का नाटक हाय?" किती हसायचो आपण.

ताप म्हणजे 'ग्रूमेल', पट्टी म्हणजे 'श्टोलाक', उशी म्हणजे 'लोंबर'. मी विचारावं आणि तुम्ही लगेच सांगावं. एकदाही अडला नाहीत. एकदा मी भीत भीत म्हणाले, "सर, उशीला मागं दुसरं काहीतरी सांगितलं होतं का?" तर म्हणालात, "तुझं ध्यान कुठं ऱ्हातंय? वही काढ." मी घरी जाऊन स्वतःला शिक्षा म्हणून तो शब्द शंभरदा लिहिला. शंभरदा, सर!

मुलाखतीला जर्मन बाईंनी एक चित्र पुढे ठेवलं. खाटेवर आजारी माणूस, डोक्याला पट्टी. मी न अडखळता सगळं सांगितलं. बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, शेजारच्या कारकुनाला काही विचारलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बेटी, मॅडम पूछ रहे, ये कौन से गाँव की जर्मन है?"

घाबरून मी म्हणाले, "बिदर की."

निवड झाली नाही. निघताना बाईंनी एक पातळ पुस्तक हातात दिलं आणि कारकुनाकरवी सांगितलं, पुढच्या खेपेला हे शिकून ये. परतीच्या बसमध्ये एका मांडीवर पुस्तक आणि एका मांडीवर तुमच्या वह्या घेऊन बसले. नमस्कार, धन्यवाद, पाणी, भाकरी, एक ते वीस आकडे, एवढं खरं. जहीराबाद येईपर्यंत बाकीचं सगळं खोडून झालं होतं.

तुम्ही तेव्हा अंथरुणाला खिळला होतात. आजारी माणसावर आवाज चढवू नये म्हणून मी हळूच पुस्तक पुढे केलं. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?

"ही उत्तरेकडची जर्मन हाय. मी शिकवली ती दक्षिणेकडची. पुण्याची मराठी अन् आपली मराठी एक हाय का? मग आपली खोटी म्हणशील व्हय?"

माझ्या 'करायलाव', 'जायलाव'ला नर्सिंगच्या वर्गात सगळे हसायचे. रडत रडत ते मी तुम्हालाच येऊन सांगितलं होतं, आणि तेच तुम्ही माझ्यावर उलटवलंत! चार दिवस मी तुमच्यावर विश्वासही ठेवला. तुमची दक्षिणेकडची जर्मन पुस्तकात शोधत बसले.

एक शब्द येत नाही म्हणाला असतात, तर मला तुमच्याकडचं पाणी कमी गोड लागलं असतं का?

इथवर मी तुम्हाला कदाचित माफ केलंही असतं. पण परवाचं ऐका. मुलाखतीच्या आधीपासून गल्लीतली कमल माझ्याकडे जर्मन शिकते. माझ्याच तोंडून ऐकलेला 'ग्रूमेल' घोकते. खरं काय ते तिला सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. परवा तिनं विचारलं, "अक्का, सुईला काय म्हणत्यात?" मला येत नव्हतं. पुस्तक उशाशी होतं. आणि माझ्या तोंडून एक शब्द निघून गेला. मी रचलेला. तुमच्याइतकाच सहज, तुमच्याइतकाच लगेच! कमल केवढ्या आदराने बघत होती माझ्याकडे. तिनं तो लिहूनही घेतला.

त्या आदरासाठी तुम्ही दोन वर्षं हे करत होतात, होय ना? आता कळलं. कळलं म्हणून राग कमी झालेला नाही, वाढला आहे. तुम्ही मला जर्मन शिकवली नाहीत, हे शिकवलंत.

उद्या मी बोलणार आहे. अप्पा पुढच्या रांगेत असतील, काकू असतील. कमललाही वही घेऊन यायला सांगितलं आहे. आधी पाण्याचं सांगेन, कारण ते खरं आहे. मग तीन वह्यांचं सांगेन, तेही खरं आहे. अप्पांची मान खाली जाईल. काकू मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. सुईचंही सांगेन, माझं नाव घेऊन.

आणि अप्पांनी काकूंना शब्द दिला आहे म्हणून जर्मनमध्ये एकच वाक्य म्हणेन: इश वाइस निश्ट. मला ठाऊक नाही. हे तुमच्या एकाही वहीत नव्हतं, सर. जो मला शिकवेल आणि जिला मी शिकवेन, त्या प्रत्येकासमोर पहिल्या दिवशी मी हेच म्हणेन. कमलच्या वहीत पहिल्या पानावर हेच लिहून देईन.

सुजाता