खाली मोकळं आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून झाडांच्या कामावर रुजू. हुद्दा : जमिनीवरचा मदतनीस. हा हुद्दा तात्पुरता आहे. तीन महिने उमेदवारी, मग मुकादम फॉर्मवर शेरा लिहिणार. शेरा चांगला असला तर नोकरी कायम, नसला तर हेल्मेट जमा करून घरी. शेऱ्याची मला काळजी नाही. बावीस वर्षं छापखान्यात बाइंडिंग केलं, एक पान उलटं लागलं नाही. छापखाना बंद पडला तो माझ्यामुळे नव्हे.

शिवाय झाडं मला नवी नाहीत. गावी शाळेत जायच्या आधी शेळ्यांसाठी डहाळे तोडून आणायचो. इथल्या लोकांनी झाड बहुधा ट्रेनिंगमध्येच पहिल्यांदा पाहिलेलं असावं. तीन महिन्यांत सुपरवायझर व्हायला हरकत नाही.

घरी हिला सांगितलं, वृक्ष विभागात लागलो. तिने विचारलं, झाडावर चढायचं का? म्हटलं, नाही, देखरेख. ती भाजी चिरत होती. चिरत राहिली.

४ फेब्रुवारी, दुपारी

सामान मिळालं. गॉगल, कानांवर लावायचे मफ, हातमोजे, पुढे पोलाद असलेले बूट. हेल्मेटवर हिरवी पट्टी. हिरवी पट्टी म्हणजे हा माणूस नवीन आहे, याच्यावर लक्ष ठेवा. पट्टी फक्त मलाच आहे.

टोळीत चौघे. मुकादम. चक्कीवाला, म्हणजे फांद्या गिळून भुसा थुंकणारं जे मशीन आहे ते चालवणारा. झाडावर दोराने चढणारी एक बाई, तीस-बत्तीसची, अंगाने काटक, तिला सगळे खारूताई म्हणतात. आणि मी.

मुख्य नियम एकच. खारूताई फांदी कापायच्या आधी वरून ओरडते, "खाली?" खालच्या माणसाने झाडाभोवती लावलेल्या पट्ट्याच्या आत कुणी नाही हे पाहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "मोकळं!" मगच ती करवत चालवते. उत्तर नाही तर काप नाही. पानांमुळे तिला खालचं काही दिसत नाही. खालचा माणूस म्हणजे मी.

एवढ्याशा गोष्टीला मुकादमाने वीस मिनिटं घेतली. समजलं का, म्हणून विचारलं. मी मान हलवली. तो म्हणाला, मान वरून दिसत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खारूताईने "खाली?" म्हटलं की मी डोळे मिटून तिच्यासाठी तीनदा नाम घेतो. उंचावरचा जीव आहे. नाम घेऊन होईपर्यंत ती आणखी दोनदा ओरडते. मग चक्कीवाला मशीन बंद करून येतो आणि माझ्या वतीने "मोकळं" म्हणतो. दुपारी ती म्हणाली, काका, तोंडाने बोलत जा हो. मी हसून घेतलं. स्मरण आवाजाच्या आधी वर पोचतं, हे तिला या वयात कसं कळणार.

जेवणाच्या सुट्टीत ही वही लिहितो म्हणून मुकादम मला मास्तर म्हणू लागलाय. पहिल्याच आठवड्यात हा मान.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चक्कीत फांदी घालताना जाड बुंधा आधी आणि शेंडा मागे, असा नियम आहे. मी शेंडा आधी घातला. शेंड्याकडे पाहिलं की दया येते, त्याला मागे कशाला ठेवायचं. फांदी आतून उलटली आणि तिने माझ्या तोंडात मारली. गॉगल कपाळावर होता. मुकादम म्हणाला, डोळे नशिबाने वाचले. वाचले ना, मग झालं.

गळ्यातला मफलरही त्याने स्वतः सोडवून आपल्या खिशात घातला. सैल कपडा चक्कीने धरला तर माणूस त्याच्यामागून आत जातो, असं म्हणाला. मफलर संध्याकाळी मागायला विसरलो. उद्या मागेन.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज हातकरवत मिळाली. कुंपणाजवळची खालची फांदी कापायची होती. पद्धत अशी की आधी खालून थोडं कापायचं, मग वरून, म्हणजे साल सोलत नाही. गावी आम्ही वरूनच घाव घालायचो. तसंच केलं. फांदी पडली आणि जाताना खोडाची हातभर साल घेऊन गेली. मुकादमाने त्या जखमेवर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि करवत परत घेतली. झाड काही बोललं नाही. झाडांना राग नसतो.

हिला माझ्या कॉलरमध्ये भुसा सापडला. देखरेख करताना उडतो, म्हटलं. खिशातही होता, कानातही. तिने सदरा गच्चीवर नेऊन झटकला.

३ मार्च, सोमवार

एक महिना झाला. आजपासून मोठ्याने उत्तर द्यायचा संकल्प. कुणी बोललं म्हणून नाही. शुक्रवारी वारा होता आणि खारूताई करवत हातात धरून माझ्या उत्तराची वाट पाहत किती वेळ लोंबकळत राहिली. मग खाली येऊन तिने मनगट चोळलं.

सकाळी मोरीत सराव केला. आवाज निघेना. छापखान्यात मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू यायचंच नाही, बावीस वर्षं हाताच्या खुणांवर काढली. कुलूप लागलं त्या दिवशी सगळे काही ना काही बोलले. कुणी रडलं, कुणी मालकाचा उद्धार केला. मी गोंदाचा ब्रश धुतला, उलटा वाळत ठेवला आणि घरी आलो. विशेष काही वाटलं नाही. ही तेव्हापासून म्हणते, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीला फोन लावणं.

११ मार्च, मंगळवार

आवाज निघाला! सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिलं "मोकळं". भिंतीवरचं मांजर पळालं. वरून खारूताई म्हणाली, आता कसं, काका. मुकादमाने पाठीवर थाप मारली. थाप जोरात होती. शेरा इथेच पक्का झाला असं धरायला हरकत नाही.

१९ मार्च, बुधवार

उत्तरात मी आता बराच वेग आणला आहे. तिचं "खा" निघालं की माझं "मोकळं" तयार. दर फांदीमागे वेळ वाचतो. चक्कीवाल्याने बाजूला घेऊन विचारलं, काका, बघून बोलता ना? त्याला म्हटलं, अनुभवी माणसाला दर वेळी बघावं लागत नाही. तो म्हणाला, अनुभव दीड महिन्याचा आहे. तो असंच बोलतो. मशीनजवळ राहून माणसाचा स्वभाव रुक्ष होतो.

२ एप्रिल, बुधवार

फांद्यांच्या मोळ्या बांधता बांधता पाठमोरा असतानाही उत्तर देता येतं, असं ध्यानात आलं. एकाच वेळी दोन कामं. आज एक सायकलवाला पट्ट्याखालून वाकून आत आला होता. माझं "मोकळं" देऊन झालं होतं. नशिबाने खारूताईला पानांच्या फटीतून त्याची लाल टोपी दिसली आणि तिने हात आवरला. मुकादमाने सायकलवाल्याला झापलं, मग मला. त्या माणसाची पुण्याई मोठी असणार.

उद्यापासून बघायचंही.

१० एप्रिल, गुरुवार, संध्याकाळी सव्वासहा

जसं झालं तसं लिहितो.

शाळेमागचं एक वाळलेलं झाड उतरवायचं होतं. आधी वरच्या फांद्या, मग खोड. माझे वडील झाडाला कुऱ्हाड लावायच्या आधी खोडावर तळवा ठेवून त्याची माफी मागायचे. मीही रोज मागतो, काम सुरू व्हायच्या आधी. आज सकाळी दोर उतरवण्याच्या गडबडीत राहून गेलं. अकराच्या सुमारास आठवलं. तोवर दोन फांद्या गेल्या होत्या. जिवाला लागलं, म्हणून पट्टा ओलांडून आत गेलो, हातमोजा काढला, खोडावर तळवा टेकला, डोळे मिटले.

वरून आवाज आला, "खाली?"

मी म्हटलं, "मोकळं!"

आवाज आज फार चांगला लागला होता.

फांदी आधी खोडावर आपटली आणि वळली, म्हणून पुरती अंगावर आली नाही. हेल्मेट कानापासून मागपर्यंत तडकलं. मी खाली बसलो. खांद्याला खरचटलं, तेवढंच. डॉक्टरांनी तपासून सोडलं. त्याआधी चक्कीवाला मला बराच वेळ धरून उभा होता. त्याच्या अंगाला डिझेलचा वास येतो, हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

खारूताई दोरावरून इतक्या वेगाने उतरली की हातमोजे तापले. ती फुटपाथच्या कडेला बसली. कुणीतरी तिला पाण्याचा ग्लास दिला. तो तिच्या हातात टिकेना, पाणी गुडघ्यांवर सांडत होतं. मी जवळ जाऊन सांगितलं की मला काही झालं नाही. तिने वर पाहिलं.

"काका, तुमचा आवाज आला म्हणून मी कापलं."

मग माझ्याकडे न बघता, "आता मी कुणाच्या आवाजावर कापू?"

विशेष काही वाटलं नाही. घरी आलो, जिन्यात अडखळलो असं हिला सांगितलं. हिने चहा दिला. वहीतून मान वर केली तर चहा तसाच, वर साय धरलेली.

११ एप्रिल, शुक्रवार

वाटलं होतं मुकादम ओरडेल. ओरडला नाही. सगळ्यांना बसवून नियम पहिल्यापासून सांगितले, हळू आवाजात. तडकलेलं हेल्मेट सामानाच्या खोलीत दारासमोर खिळ्याला टांगलं. पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते दाखवणार आहेत. म्हणजे प्रशिक्षणासाठी माझं हेल्मेट निवडलं गेलं.

खारूताई आली नाही. दहा दिवसांची रजा आहे म्हणे.

१५ एप्रिल, मंगळवार

नवीन जबाबदारी. फुटपाथच्या टोकाला लाल झेंडी घेऊन उभं राहायचं आणि लोकांना थांबवायचं. झाडापासून तीस पावलं. रहदारी नियंत्रण, स्वतंत्र चार्ज. "मोकळं" हा शब्द मी कामावर कुठल्याही कारणाने उच्चारायचा नाही, असं मुकादमाने बजावलं आहे. एका आजीबाईंनी विचारलं, रस्ता मोकळा आहे का? मी झेंडीने खूण केली. त्यांना ती कळली नाही, त्या थांबूनच राहिल्या.

२२ एप्रिल, मंगळवार

खारूताई परत आली. कंबरेला दोर बांधून झाला तरी चढेना. मुकादमाला विचारलं, खाली कोण आहे? तो म्हणाला, चक्कीवाला. तिने माझ्या दिशेला एकदा पाहून खात्री केली, मग वर गेली. तीस पावलांवरूनही सगळं स्वच्छ ऐकू येतं.

तिची माफी मागायची म्हणून एक वाक्य रात्री चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. झाडांची मागतो तर माणसाची मागायला काय अवघड. जेवणाच्या सुट्टीत जवळ गेलो. तोंडून निघालं, "पाणी हवं का?"

"आहे, काका."

परत येऊन झेंडीजवळ बसलो. वाक्य खिशातच आहे. उद्या सांगेन.

२ मे, शुक्रवार

शेरा आला. मुकादमाने स्वतःच्या हाताने लिहिला आहे, अक्षर बरं आहे :

"माणूस प्रामाणिक आहे. वेळेवर येतो. झाडापासून लांब ठेवावा. उमेदवारी तीन महिने वाढवावी."

नव्या हेल्मेटवर पुन्हा हिरवी पट्टी. चक्कीवाला म्हणाला, काका, रंग तुम्हाला शोभतो. मुकादमाने मफलर परत दिला. धुतलेला होता.

हिने विचारलं, काय शेरा आला? पहिली दोन वाक्यं वाचून दाखवली. ती म्हणाली, आणि पुढे? म्हटलं, पुढे ऑफिसचा मजकूर आहे.

३ मे, शनिवार

सुट्टी. दुपारी ही म्हणाली, तुम्ही झोपेत "मोकळं, मोकळं" करता, महिनाभर ऐकतेय. काय आहे ते?

सगळं सांगितलं. झेंडी, हेल्मेट, पट्टी, खोडावर ठेवलेला हात, खारूताईच्या गुडघ्यांवर सांडलेलं पाणी. वृक्ष विभागात देखरेख नसते, हेही. सांगताना मध्ये एकदा आवाज गेला, मग आला. ती म्हणाली, देखरेख करणाऱ्याच्या बनियनमध्ये भुसा जात नाही, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. खारूताईला सोमवारी काय सांगणार आहात, तेवढं बोला. मी खिशातलं वाक्य वाचून दाखवलं. तिने त्यातले निम्मे शब्द काढायला सांगितले.

मग तिला माळ्यावरची पत्र्याची पेटी हवी होती. मी चढतो म्हटलं, तर नको म्हणाली. स्टूल ओढून चढली, पेटी कडेपर्यंत सरकवली आणि वरून म्हणाली, "खाली?"

सवयीने तोंड उघडलं. मिटलं. डावीकडे पाहिलं, चपला होत्या, त्या पायाने सरकवल्या. उजवीकडे पाहिलं. वर पाहिलं. मग खाली पाहिलं तर पेटीच्या बरोबर खाली माझेच पाय. दोन पावलं मागे झालो. पुन्हा एकदा सगळीकडे पाहिलं.

ती म्हणाली, हात दुखायला लागले, बोलताय ना?

"मोकळं," मी म्हटलं. फार मोठ्याने नाही. पण खरं.

तिने पेटी छातीशी धरून उतरवली. स्टूल डुगडुगलं. ती एका हाताने दाराची चौकट पकडून कशीबशी खाली आली, पेटी ठेवली आणि दम खाऊन म्हणाली,

"आणि स्टूल कोण धरणार होतं?"