दादाच्या नाण्याची डबी

४ मार्च

वहिनी आज आमच्या लिलावाच्या ऑफिसात आल्या, दादाचं ते नाणं लोकरी मोज्यात गुंडाळून! लिलावात घालायचं म्हणतात. दादाला जाऊन वर्ष होत आलं. पैशांचं नावही काढलं नाही त्यांनी. कॅटलॉगात नाण्याखाली 'अमुक यांच्या संग्रहातून' अशी ओळ छापतात, ती दादाच्या नावाची हवी, एवढंच. "भाऊजी, जन्मभर लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. एकदा छापून येऊ दे."

नाणं सीलबंद पारदर्शक डबीत आहे. आत तपासणी कंपनीची चिठ्ठी — अस्सल, अमुक दर्जाचं. दादाने स्वतःच पाठवून बंद करून आणलं होतं. नंतर कोणाच्या हाती दिलं नाही. मला तरी कुठे देत होता!

नाणी बघणारे शिकलेसवरलेले लोक वेगळे. मी डब्या बघतो. चरे, तडे, धुरकटपणा — दिसेल ते लिहायचं. नियम एकच : डाग लिहायचा, पुसायचा नाही.

५ मार्च

पुसला.

डबीवर चरेच चरे होते. फोटोत दादाचं नाणं मोतीबिंदू झाल्यासारखं दिसलं असतं. टूथपेस्ट, चष्म्याचं फडकं आणि हलका हात — माझं घरगुती औषध. पुढून घासली, मागून घासली, मग हात थांबेना, कडाही घासल्या. आरसा झाली! पाहणीच्या कागदावर लिहिलं, 'डबी उत्तम.' लिहिताना जरा चोरट्यासारखं वाटलं. म्हटलं, भावासाठी एवढं चालतं.

१२ मार्च

हात दाखवून अवलक्षण.

आज गिऱ्हाइकांना नाणी हाताळून बघायचा दिवस. टोपीवाले आले होते — आमचे जुने गिऱ्हाईक, डोळे घारीचे. दादाची डबी दिव्याखाली आडवी धरली, कडेवरून नख फिरवलं आणि ऑफिस चालवणाऱ्या मॅडमना हाक मारली. कारखान्यातून आलेल्या डबीच्या सांध्याला बारीक खरखर असते. हिचा सांधा लोण्यासारखा. म्हणजे कोणीतरी डबी उघडली, परत चिकटवली आणि खुणा घासून काढल्या — आत काय घातलं असेल कोण जाणे. मॅडमनी नाणं लिलावातून मागे घेतलं.

जाता जाता टोपीवाले म्हणाले, "गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. पण हात सफाईदार होता."

हात माझा होता. मी तिथेच उभा होतो, फडकं खिशात. माझ्या घासण्याचं खापर दादाच्या डोक्यावर फुटलं आणि मी बघत राहिलो.

१३ मार्च

लाज.

१५ मार्च

वहिनींना सांगायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. शाबास रे गड्या!

मॅडमनी फोनवर त्यांना कळवलेलंच होतं. दादाचं कपाट उपसून बसल्या होत्या, बाकीच्या डब्या एकेक करून खिडकीशी धरून बघत. काय बघायचं तेही ठाऊक नाही बिचारीला. मला म्हणाल्या, "असं करतील का हो ते? तुम्ही पाठचे भाऊ. खरं सांगा."

नाही म्हणालो. नाही कशावरून, ते न सांगता चहा संपवला.

एरवी दादाच्या फोटोशी रोज बोलतात त्या — भाजी महागली, नळ गळतोय, सगळं. तीन दिवस बोलणं बंद आहे म्हणाल्या.

१६ मार्च

सांगितलं. आधी मॅडमना. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते जास्त लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. म्हणाल्या, डबी कंपनीकडे पाठवू. सांधा आतून शाबूत निघाला तर ते नवी डबी देतील, नाणं पुढच्या लिलावात घेऊ. डब्या बघायचं काम मात्र तूर्त दुसऱ्याकडे. रास्तच आहे.

मग वहिनींना. त्या एकदम हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी. "म्हणजे ते नव्हतेच! तुम्ही होतात! वेंधळे कुठले." आणि माझ्यादेखत फोटोकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत का तुमच्या भावाचे प्रताप?"

मेल्याहून मेलो. पण आज झोप लागेल बहुतेक.

९ एप्रिल

कंपनीचा निकाल आला. माझं घासणं वरवरचं. सांध्याच्या आत जुना, पिवळा पडलेला गोंद — कंपनीचा नव्हे, कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी लावलेला. चिठ्ठी खरी. नाणं नकली, साच्यात ओतलेलं. खरं कुठे गेलं, दादाला कसली नड होती, आता विचारायचं कोणाला?

मॅडम म्हणाल्या, "घरातली गोष्ट आहे. वहिनींना तुम्हीच सांगा."

१० एप्रिल

वहिनींना सांगितलं — मी घासली म्हणून डबी कायमची बाद झाली, आता हे नाणं कुठल्याच लिलावात घेणार नाहीत.

म्हणाल्या, "त्यांच्यासाठी एवढंसं मागितलं होतं. तेही तुम्ही होऊ दिलं नाहीत, भाऊजी."

हो म्हटलं.