‘साय’चा नववा भाग

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

आला! कानिफने सकाळीच लिंक पाठवली. खाली एवढंच — ‘ताई, चारच्या धारेला लाव. त्याआधी ऐकू नकोस.’ म्हणे ऐकू नकोस! शेण ओढता ओढता दोन तुकडे कानात घालून मोकळी झाले मी.

‘साय’चा हा नववा भाग. दहा तुकडे, अठ्ठ्याहत्तर मिनिटं. तुझा भाऊ गोव्यात काय करतो, असं बाजारात कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. गातो म्हणावं तर गात नाही. वाजवतो म्हणावं तर तेही क्वचित. ग्रीसहून, रशियातून, कुठकुठल्या बेटांवरून लोक त्याला आपापल्या धुना पाठवतात. संथ, लांबच लांब, शब्द नसलेल्या. तो शंभरातून दहा निवडतो, ओळीने लावतो आणि पोर्तुगालमधली एक छोटी कंपनी ते संकलन काढते. सायकेडेलिक चिलआउट म्हणतात याला. आई म्हणते, झोपायची गाणी. पण झोप नाही येत त्याने. झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठे पडवी असेल, तर तिथे पाय सोडून बसल्यासारखं होतं.

चारला लावलं. ऑक्टोबरचं ऊन आधीच आल्यामुळे फॉगर चालू होते, सगळा गोठा धुक्यात. चौदा गाई, पांढरा धूर, आणि पहिल्या तुकड्याचा तो खालचा जाड सूर. चांदणीने डोळे मिटले. मीही.

२९ सप्टेंबर

तिसरा तुकडा. मका कापताना दिवसभर डोक्यात तोच. विळा आपोआप त्याच्या लयीत पडायला लागला, म्हणजे अगदी हळू. आई बांधावरून म्हणाली, "आज काय मुक्कामाला हायेस का मक्यात?"

१ ऑक्टोबर

धारेच्या वेळी आप्पा गोठ्याच्या दाराशी येऊन खाकरले. बायामाणसं असतील म्हणून खाकरून मग आत यायची जुनी सवय. आत होते कोण, तर मी आणि चौदा गाई. पण खाकरल्याशिवाय पाऊल आत पडत नाही. मग विचारलं, "लावलं का त्ये?"

रोज विचारतात. ‘ते’ म्हणजे काय, कुणाचं, ते कधी विचारत नाहीत. लावलं नाही तर गाई पान्हा चोरतात, म्हणून विचारतात, एवढंच. आपण कुणाच्या हातचं ऐकतोय याचा आप्पांना पत्ता नाही, आणि मीही सांगत नाही. सांगितलं तर उद्या स्पीकर उकिरड्यावर.

आज ऐकताना एक सुचलं. कानिफ हे ओळीने लावणं शिकला कुठे? इथेच! आप्पांचा धारेचा क्रम ठरलेला. आधी बाहुली, ती गरीब, तिच्यामुळे बाकीच्या निवतात. मग बुजऱ्या दोघी. मध्ये भरपूर दुधाच्या. दांडगी तांबडी शेवटून दुसरी, आणि शेवटी चांदणी, म्हातारी, म्हणजे गोठा शांत होऊनच संपतो. एकदा मी क्रम बदलला तर दोन दिवस सगळा गोठा बिनसला होता. नवव्या भागात नववा तुकडा दांडगा आहे, आणि दहावा म्हातारा.

२ ऑक्टोबर, दसरा

कानिफचा फोन. सोनं घ्या म्हणाला, मग म्हणाला, "ताई, मी चाललोय. पोर्तुगालला. वीस तारखेचं विमान. दोन वर्षं तरी येणं नाही."

मी म्हटलं, जायच्या आधी घरी ये.

"आप्पांनी बोलावलं तर येतो. एक शब्द बोलू दे त्यांना. फक्त ये म्हणू दे."

एक शब्द! आप्पांकडून!

चार वर्षांपूर्वी कानिफची सुपारी फोडायची होती. पाव्हणे आले, भावकी बसली, ताट मांडलं, आणि नवरदेव आदल्या दिवशीच गोव्याला पळालेला. कसल्याशा संगीताच्या मेळ्याला. मला लग्न नको हे त्याने मला सांगितलं होतं, आप्पांना सांगायची हिंमत झाली नाही. आप्पा पाव्हण्यांपुढे हात जोडून बसले होते, ते मी पाहिलंय. पाव्हणे गेल्यावर त्यांनी त्या ताटावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजपास्नं मी त्येच्याशी एक सबूद बोलनार न्हाई." उठले, पुढच्या फाटकाची कडी घातली. ती आजतागायत तशीच. दुधाचा टेम्पोसुद्धा मागच्या वाटेने येतो.

तेव्हापासून या दोघांमधला पूल म्हणजे मी. सासर सोडून आले होते, म्हणून बरं. नाहीतर कोण होतं यांना?

४ ऑक्टोबर, शनिवार

काष्टीच्या बाजारला जाताना गाडीवर मागे बसून आप्पांच्या पाठीशी बोलले. पाठीशी बोलणं सोपं जातं.

"आप्पा, कानिफ परदेशात चाललाय."

गाडी तेवढ्याच वेगात.

"दोन वर्षं. तुम्ही नुसतं ये म्हणा."

"जीभ दिलीया मी."

"पण आप्पा..."

"सत्यशीला, म्होरं गर्दी हाय. नीट बस."

बाजारात त्यांनी एक कालवड अर्धा तास न्याहाळली आणि घेतली नाही. कांदाभजी मात्र घेऊन दिली मला. अडतीस वर्षांच्या बाईला! म्हणजे ऐकलं होतं सगळं.

६ ऑक्टोबर

आठवा तुकडा.

इतके दिवस मी धारेच्या गडबडीत आठव्याकडे नीट लक्षच दिलं नव्हतं. आज दुपारी चारा टाकून झाल्यावर निवांत कान लावून ऐकला. लांबवर वारा, त्यात एक घंटी, आणि खालून हळूच सुरू होणारा ठेका — टक-टुक, टक-टुक, टक-टुक, टक... टुक. चौथा लंगडतो.

अहो, हे आमचं दूध काढायचं मशीन! त्याचा ठोके देणारा पल्सेटर पाडव्याला बिघडला, तेव्हा आप्पांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. तेव्हापासून चौथा ठोका उशिरा पडतो. मग चांदणीचा खोकला आला, कोरडा, दोनदा. आणि अगदी शेवटी, सगळे सूर विरून गेल्यावर, एक खाकरणं.

आप्पांचं.

नऊ मिनिटांचा तुकडा. बनवणाऱ्याचं नाव कानिफनेच दिलंय, स्वतःचं. नऊ भागांत पहिल्यांदा.

पण पाडवा यंदाचा! कानिफने घर सोडलं चार वर्षांपूर्वी. हा आवाज त्याच्याकडे गेला कसा?

७ ऑक्टोबर

त्या संकलनाखाली जगभरचे लोक लिहितात. फिनलंडच्या एकाने विचारलंय, आठव्यातला ठेका कुठल्या यंत्रावर केलाय? खाली सतरा जणांचा वाद. एक म्हणतो, जुनं जपानी यंत्र असणार, आता मिळत नाही. सायकलची ट्यूब कुणालाच सुचली नाही.

९ ऑक्टोबर

कानिफला विचारलं. हसला. म्हणाला, "ते मी नाही सांगायचं."

मग कुणी? आईला गाठलं. चुलीपुढे होती. "मला कुटं येतंय मोबाईल," म्हणाली. "मला त्यो उचलाया येतो आन् ठिवाया येतो." खोटं बोलत नाही ती, बोलली तर लगेच हसते.

आप्पांवर तर संशयसुद्धा नको. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर काय येतं? तीन वर्षांपूर्वी चांदणी खोकायला लागली, तेव्हा कानडे डॉक्टर म्हणाले होते, खोकला मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा. आप्पांनी तासभर तिच्या तोंडाशी बसून रेकॉर्ड केला, पाठवला म्हणाले, आणि डॉक्टरांना काही मिळालाच नाही. शेवटी ते स्वतः आले. चांदणीचा खोकला कुठे गेला, देव जाणे!

१२ ऑक्टोबर

आज मुद्दाम केलं. आप्पा आत आल्यावर सगळं सोडून आठवाच लावला, आवाज वाढवून. एक टक-टुक मशीनची, एक स्पीकरची. दोन्ही लंगड्या, मागेपुढे पडणाऱ्या, मग मध्येच चार ठोके एकत्र. धुक्यात उभी होते मी. आपण गोठ्यात आहोत की गोठा त्या गाण्यात आहे, हेच कळेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तांबडीसुद्धा लाथ मारायची विसरली.

आप्पा चांदणीच्या पाठीवर हात ठेवून उभे. शेवटचं खाकरणं आलं. मी त्यांच्याकडे टक लावून. चेहरा हलला नाही. म्हणाले, "टुक उशिरा पडतंय."

मी म्हटलं, नवीन पल्सेटर आणू का, तालुक्याला मिळतो.

"ऱ्हाऊ दे. चाललंय न्हवं?"

आणि पाण्याचा पाईप उचलून गेले. कशाचा माणूस बनवलाय हा?

१४ ऑक्टोबर

"बोलले का?" — कानिफ.

"नाही."

"बरं."

मग मी सुनावलं त्याला. म्हटलं, आप्पा एकाहत्तरचे आहेत. दोन वर्षांनी तू येशील तेव्हा चांदणीही नसेल आणि कोण असेल कुणी सांगावं. तू पळालास, तू चुकलास, तर तू आधी बोल ना! तर म्हणतो, "मी बोललो तर त्यांना उत्तर द्यावंसं वाटेल. मग त्यांचा शब्द मोडेल. माझ्यासाठी त्यांनी शब्द मोडावा, ते त्यांनी ठरवायचं."

फोन ठेवून गोठ्यात जाऊन रडले. दोघांचाही राग येतो. दोघांवाचूनही करमत नाही. कानिफ असा न भेटता गेला तर मी आप्पांना माफ करीन का, मला खरंच माहीत नाही.

१५ ऑक्टोबर

दहावा तुकडा तीनदा ऐकला. बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

१६ ऑक्टोबर

उद्या वसुबारस. गाई धुतल्या, शिंगं नाहीत तरी डोक्यावर गेरू लावला. चांदणीने सगळा माझ्या साडीला पुसला.

चारच्या सुमारास पुढून कर्रर्र असा आवाज आला. अंगावर काटा येईल असा. जाऊन पाहते तर आप्पा पुढच्या फाटकापाशी, गंजलेली कडी दगडाने ठोकून वर सारलेली, एका हातात मोबाईल.

"काय हो आप्पा?"

"वसुबारसंला गाया फुडून काडायच्या. लक्षमी हाय ती. मागनं कशाला न्ह्यायची?"

चार वसुबारशी मागूनच गेली लक्ष्मी! म्हातारपणी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

कानिफचा फोन लागत नाही. निघाला असेल मुंबईला.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

सकाळचे साडेआठ. आप्पा धुतलेला सदरा घालून ‘पेंड आणतो’ म्हणून केव्हाचेच एसटी स्टँडकडे गेलेत. घाईत मोबाईल चार्जिंगलाच. तो वाजला, म्हणून मी उघडला.

‘कानिफ’. नावांच्या यादीत शेजारीच ‘कानडे डॉक्टर’.

पार वर गेले, तीन वर्षं मागे. पहिला मेसेज — चांदणीचा खोकला. त्याच्याखाली दुसऱ्या दिवशी कानिफकडून — समुद्र, वीस सेकंद. मग आप्पांकडून विहिरीची मोटर. त्याच्याकडून पत्र्यावरचा पाऊस. आमची टक-टुक. त्याचा नारळ पडलेला. रोज एक, कधी दोन. शेकडो. कुठेही एक शब्द नाही, लिहिलेला नाही की बोललेला नाही. आणि मी आपली चार वर्षं पूल होऊन उभी!

कालचा, सव्वाचारचा, आप्पांचा: आपल्या स्पीकरवरचा आठवा तुकडा, पावलं, दगडाचे ठोके, कडीचं ते कर्रर्र, आणि फाटक पूर्ण उघडल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसता मोकळा वारा.

आज सहाला, त्याचा: रेल्वे, गर्दी, ‘दौंड’ म्हणून पुकारा. हा आप्पांनी ऐकलाय.

आत्ताचा: एसटीचं इंजिन, घंटी, आणि कंडक्टर — "काष्टीवाले, दाराशी या."

पेंडीच्या चार गोण्या पडवीत तशाच आहेत. आईला सांगितलं, गवारीची भाजी जरा जास्त टाक.