फाटकावरची हिरवी पट्टी

ता. ९ मार्च, सकाळ

प्रिय भाऊराया,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडला तर. तुझी बायको, पोरं मजेत असतील. तीन वर्षांनी ताईचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस, आधी पुरतं वाच.

मी हल्ली वणवा पथकात काम करते, हे तुझ्या कानावर आलंच असेल. आग विझवायला दुसरी माणसं आहेत. आम्ही हंगामाच्या आधी घरोघर फिरून सांगायचं, भिंतीला टेकवलेलं जळण हलवा, गवत कापा, छपराच्या पन्हळी साफ करा. इतकं साधं! पण लोक असे आहेत ना, शी! परवा एका निवृत्त मास्तरांकडे गेले. पन्हळीत वीतभर पाचोळा. म्हटलं, "मास्तर, एक ठिणगी पडली तरी छप्पर जाईल." तर म्हणतात, "बाई, चाळीस वर्षांत नाही आला वणवा, आता काय माझ्यासाठी मुद्दाम येणार आहे?" शेवटी मीच शिडी लावून चढले. पाचोळ्याखाली मेलेलं कबूतर, त्यात अळ्या वळवळतायत. हातानं काढलं सगळं. मास्तर खाली नाकाला रुमाल लावून उभे, आणि वर मलाच सांगतात, "तो कोपरा राहिलाय."

आणि आमच्यातलेही काही कमी नाहीत. एकाचं नाव आम्ही 'खिडकी' ठेवलंय. हा गाडीतून उतरतच नाही. काच खाली करून बसल्या जागी घर तपासतो आणि सही ठोकतो. मी त्याला सगळ्यांसमोर किती वेळा फाडून खाल्लंय! म्हटलं, लाज वाटत नाही का, माणसं राहतात रे तिथं.

आता मुद्द्याचं. तपासणी झाली की आम्ही फाटकाला पट्टी चिकटवतो. हिरवी म्हणजे घर साफ आहे आणि आतली माणसं आपल्या पायांनी बाहेर पडू शकतात. लाल म्हणजे नाही. वणवा आला की गाडी आधी लाल फाटकांकडे जाते. हिरव्यांकडे शेवटी, जमलं तर.

तुझ्या फाटकाला हिरवी आहे. खिडकीनं नाही, मी लावली.

तू कामावर होतास. मी चढाच्या पायथ्याशी फाटकापर्यंत आले. वर खोलीतली आईची खाट दिसत होती. पाऊलच उचलेना. पट्टी चिकटवली, कागदावर उभ्या उभ्या सगळीकडे 'होय' लिहिलं आणि पळाले. 'अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का?' तिथे मात्र 'नाही' लिहिलं. या हातानं.

तुला वाटतं मी तुझ्यावर रागावून येत नाही. सगळ्यांना तू तेच सांगतोस, आणि मीही ते खुशाल चालू दिलं. सोयीचं होतं ना! तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी तू आईला माझ्याकडून घेऊन गेलास ते बरोबरच केलंस. पण तू यायच्या आधी काय झालं ते आईनं तुला सांगितलेलं दिसत नाही. मी चादर बदलत होते, दिवसातली चौथी. ती जमिनीवर आपटली आणि तिच्या तोंडावर म्हणाले, "मला तुझी किळस येते." तिनं फक्त हात पोटाशी घेतले, मला लागू नयेत म्हणून.

परक्याच्या घरातल्या अळ्या काढताना मला काही म्हणजे काही वाटत नाही. आणि सख्ख्या आईची चादर! माझीच मला शिसारी येते रे.

शुक्रवारी तुझ्या घरामागच्या टेकडीवर गवत पेटलं. अर्ध्या तासात विझलं, तुम्हाला कळलंही नसेल. पण तेवढ्यात आमच्या पथकाच्या मोठ्या बाईंनी लाल घरांची यादी मोठ्यानं वाचली. तुझं घर त्यात नव्हतं. दुपारचे दोन, तुम्ही दोघं कामावर, पोरं शाळेत, आई एकटी. मी तिथेच उभी होते आणि तोंड उघडलं नाही. त्यानंतरचे दोन दिवस कसे काढले, विचारू नकोस.

आज सांगितलं, सगळ्यांसमोर. खिडकीही तिथंच होता. मोठ्या बाईंनी लाल यादीत तुझं घर तिथल्या तिथे हातानं वर चढवलं. आता फेरतपासणी करून घरमालकाची सही आणायची आहे. माझ्या नोकरीचं काय ते नंतर बघू म्हणाल्या.

मी गुरुवारी येते. तुझ्या छपरावर आलेली फांदी तोडणार आहे, उगाच कुरकुर करू नकोस. तोवर दुपारचं आईजवळ कोणीतरी बसव, काही कर. हे पत्र टपालात न टाकता तुझ्या गोदामाच्या पहारेकऱ्याकडे देतेय, म्हणजे आजच मिळेल.

एक राहिलं. लाल घराच्या कागदावर शेवटचा रकाना असतो, 'गाडी पोचेपर्यंत आजाऱ्याला उचलून बाहेर कोण आणणार?' तुम्ही दोघं दुपारी लांब असता. मी तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर असते. तिथे मी पेन्सिलीनं माझं नाव लिहिलंय. पेनानं गिरवायचं की खोडायचं, हे तू ठरवायचं नाहीस. आईला विचार. मी काय म्हणाले होते त्याची आधी तिला आठवण करून दे, आणि मग विचार.

ती नाही म्हणाली, तर तेही मला जसंच्या तसं सांग.

तुझी,
ताई