सेंट किंगा चर्चचा मूळ भाग म्हणून मला नोंदवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
वारसा वास्तू जतन मंडळ,
नगरभवन, पोर्ट हॅलोरन, न्यूयॉर्क राज्य.

विषय : अर्जदार बाईस सेंट किंगा चर्चच्या इमारतीचा मूळ भाग म्हणून नोंदवून तळघरात मूळ जागी उभे करण्याबाबत.

संदर्भ : चर्चच्या इमारतीत आता व्यायामशाळा व कॅफे चालवणाऱ्या कंपनीचे मला आलेले पत्र. त्यातील वाक्य : "सदर महिला इमारतीचा मूळ भाग नसल्याने त्यांच्या जतनाची जबाबदारी कंपनीवर येत नाही."

महोदय,

१. मी, जेनेव्हिव्ह क्लिमचक, वय एक्याऐंशी, या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी पिरोग्या, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, करणाऱ्या बायकांपैकी शिल्लक राहिलेली एक. दुसरी लॉटी मझुरेक. गुरुवारी बटाटा-चीजचे सारण भरून मुरड घालायची, शुक्रवारी विकायच्या, आणि आलेल्या पैशांतून छप्पर, बॉयलर, घंटेचा दोर. मंडळाने ज्या छपराला वारशाचा दर्जा दिला, त्यातले बरेचसे बटाट्याचे आहे, हे नम्रपणे नोंदवते.

२. चर्च बंद पडून पाडायला निघाले, तेव्हा जाहीर सुनावणीत मी इमारत राखून आत व्यायामशाळा करायच्या योजनेच्या बाजूनेच बोलले. गाड्या लावायचे मैदान होण्यापेक्षा तरुण पोरांनी भिंतीवर चढायचा व्यायाम केलेला बरा, असे माझे मत होते व आहे. वास्तुविशारद श्री. ट्रेंट ऑल्डरमन यांनी त्या दिवशी माझा हात हातात घेतला. "मिसेस क्लिमचक, तुम्ही अगदी निश्चिंत राहा. इथलं मूळचं आम्ही काही म्हणजे काही हलवणार नाही," असे ते म्हणाले. त्यांनी शब्द पाळला. रंगीत काचा जागेवर आहेत. कबुलीजबाबाची पेटी जागेवर आहे, तीत आता लोक फोनवर बोलतात. पूर्वी तीत शिरून पाद्रीबाबांना आपले पाप खरे सांगावे लागे, आता "हा काय, रस्त्यातच आहे" असे सांगतात. तळघरात कॅफे झाला, तिथे आमचे संगमरवरी टेबलही जागेवर आहे. टेबलामागून फक्त आम्हाला काढले.

३. म्हणून मंडळाची नियमावली वाचून काढली. मूळ भाग पन्नास वर्षांहून जुना हवा, मी आहे. तो मूळ जागी असावा; लग्नाआधीपासून मी त्याच टेबलापाशी उभी होते, आणि लग्नही वरच्याच मजल्यावर झाले. मूळ सामग्रीत बदल नसावा. येथे प्रामाणिकपणे कळवते की माझा डावा गुडघा नवा आहे. परंतु झिजलेला भाग त्याच मापाचा बसवल्यास मूळपण जात नाही, असे आपलेच कलम आहे. केसांना मी रंग लावते. हरकत असल्यास तो थांबवून मूळ रंग येऊ देईन, फक्त मूळ रंग कोणत्या सालचा धरायचा ते लेखी कळवावे.

४. टेबलामागच्या दगडी फरशीत दोन खळगे आहेत. डावा माझ्या पायांचा, उजवा लॉटीच्या. लॉटी वजन एका पायावर टाकून उभी राहायची, म्हणून तिचा खळगा तिरका आहे. मंडळाच्या आदेशानुसार त्यांवर काच बसवून आत दिवा सोडला आहे. शेजारी पितळी पाटी आहे : "श्रमिक स्त्रियांच्या पावलांची झीज. स्त्रिया अज्ञात."
गेल्या गुरुवारी मी गिऱ्हाईक म्हणून गेले. पिरोग्या मागवल्या. सगळ्या एका मापाच्या, कडेला बोटाचा ठसा नाही, आत बटाटा असल्याची नुसती अफवा. त्या तशाच ठेवून मी टेबलापाशी जाऊन सवयीने उभी राहिले. तिथली मुलगी धावत आली. फार गोड मुलगी, तिची तक्रार नाही. म्हणाली, "आजी, काचेवरून जरा बाजूला व्हा हं. खाली काहीतरी जुनं, जपून ठेवलेलं आहे."
मी बाजूला झाले. बाहेर पायरीवर बसून रडले. अर्जात असे लिहीत नाहीत हे ठाऊक आहे, तरी लिहिले आहे.

५. लॉटी आता वृद्धाश्रमात असते. नावे विसरली, माझेही. पण गुरुवार विसरत नाही. सकाळीच एप्रन बांधून पलंगावर बसते आणि मला विचारते, "बाई, निघायचं ना? कणीक वाळेल." मी सांगते, चर्चमध्ये दुरुस्ती चालू आहे, पुढच्या गुरुवारी जाऊ. दर आठवड्याला हे खोटे बोलते, आणि ते कबूल करायची पेटी आपण फोनला दिली.

सबब विनंती अशी की, काच काढून आम्हा दोघींना गुरुवारपुरते आमच्या खळग्यांत उभे राहू द्यावे. पाटीवरून "अज्ञात" हा शब्द खोडावा. नियमानुसार एकच मूळ भाग नोंदवता येत असेल, तर माझा अर्ज बाद करून लॉटीला नोंदवावे. झिजलेल्या भागाला आधी जपावे, असे आपलेच कलम आहे, आणि आम्हा दोघींत ती जास्त झिजली आहे. तिला तिथवर धरून आणायला मात्र मी लागेन.

मंडळाच्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
जेनेव्हिव्ह क्लिमचक
(पाटीनुसार अज्ञात)
गुरुवार, १२ मार्च २०२६

सोबत :
१. गुडघ्याबाबत डॉक्टरांचा दाखला.
२. टेबलामागे आम्हा दोघींचा फोटो. तिरकी उभी आहे ती लॉटी.
३. पिरोग्यांचा एक डबा, मंडळाच्या तपासणीसाठी. गरम आहेत तोवर तपासाव्यात. वाकडी मुरड आहे त्या लॉटीने आज सकाळी पलंगावर बसून केल्या. डबा तिचा आहे, परत पाठवावा. पुढच्या गुरुवारी लागेल.