तुझ्या मैत्रिणींची पंचमी

माय, यंदा पंचमीला मी टेंभुर्णीला गेले होते, तुझ्या मैत्रिणींकडे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तिघींपैकी एक मागच्या हिवाळ्यात गेली. उरलेल्या दोघींनी, थोरल्या आणि धाकट्या मावशीनं, फोन करून सांगितलं, आम्हाला दोघींनाच करमत नाही, मायच्या जागी तू ये.

तुमची ती पंचमी मला कधी आवडली नाही, हे तुला ठाऊक नसेल. तुम्ही चौघी वर्षभर बरोबर खुरपायला जायचात आणि त्या एका दिवशी आपल्या चुलीपुढे जमायचात. एकीची डाळ, एकीची कणीक, एकीचं वाटीभर तूप, गूळ तुझा. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडायला ठेवून तुम्ही गप्पा मारत बसायचात. एका पंचमीला मी नऊ वर्षांची, दारात उभी. तू तोंडाला पदर लावून हसते आहेस, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. असं हसणं मी घरात कधी ऐकलेलं नाही. काय झालं म्हणून विचारलं, तर मान न वळवता तू म्हणालीस, "जा, पोरींसंग झोका खेळ. आज मी कोणाची माय न्हाई." त्या तिघी आणखीच हसल्या. मी झोक्यावर गेले नाही. गोठ्यामागे बसून राहिले आणि जेवायला बोलावलंस तेव्हा पोट दुखतंय म्हणाले.

यंदा मी जालन्यातून काजूकतलीचा मोठा डबा नेला. थोरल्या मावशीनं तो उघडून वास घेतला आणि फडताळात ठेवून दिला. म्हणाली, "आपल्यात इकत काही आणायचं न्हाई, बाई. तुझ्या मायनंच ठरवलं व्हतं. एका साली या धाकटीच्या घरात काहीच नव्हतं, हिनं नुसत्या पऱ्हाट्या आणल्या चुलीला. तरी वाटा बराबर." धाकटी मावशी मान हलवत होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग दोघी तुझ्याबद्दल बोलत राहिल्या. तू म्हणे नकला करायचीस. मुकादमाची, आत्याची, माझ्या वडिलांचीसुद्धा. ज्यांच्यासमोर तू मान वर करत नव्हतीस, त्यांची चाल करून दाखवायचीस. धाकटीनं वडिलांची चाल मला करून दाखवली आणि ती हुबेहूब होती. मी हसले, पण आत जळत होते. माझ्या वाट्याला आली ती दमलेली तू, डोक्याला तेल लावता लावता डुलक्या घेणारी. हसणारी सगळी यांनीच नेली. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, दोन म्हाताऱ्यांचा असा हेवा करत बसले होते.

दिंडांना वाफ आल्यावर थोरल्या मावशीनं सहज विचारलं, "तुझ्याबद्दल ती आमच्यापाशी काय बोलायची, ते सांगितलं का तिनं तुला कधी?"

मी म्हणाले, "सांगितलं ना."

"मंग बरं झालं. मला वाटलं, मनातच घेऊन गेली." असं म्हणून ती दिंड काढायला उठली.

माय, तू मला काहीच सांगितलं नव्हतंस. तुझं माझ्याबद्दलचं बोलणंसुद्धा त्यांच्याकडून ऐकावं लागतंय, एवढंच मला सोसवलं नाही, म्हणून खोटं बोलले. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुला लिहिणं सोपं आहे. थोरल्या मावशीचा नंबर मात्र रोज काढते आणि फोन न लावताच ठेवून देते.