काका बोलले ते आणि मी सांगितलं ते

रविवार, सकाळ

तीर्थरूप काका,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा तेवढा दुखतोय. तुम्ही कसे आहात हे कळायला मार्ग नाही, कारण तुम्ही फोन उचलत नाही आणि कारखान्यातही येत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या दाराखालून सरकवतेय. फाडू नका, वाचा.

पॉलिशची मशीन दुरुस्त झाली. पितळेच्या बिजागऱ्यांचे नवे नमुने तयार आहेत. पाहुण्यांनी मात्र ऑर्डरवर सही केलेली नाही, आणि ते तुमच्यामुळे झालं असं मी कालपर्यंत सगळ्यांना सांगत होते.

काका, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी तुमच्यापुढे हात जोडले होते. म्हटलं होतं, परक्या देशाचा माणूस आहे, मधे दुभाषी मीच असणार, बिजागऱ्यांवर बोला, पितळेवर बोला, हवापाण्यावर बोला. देव आणि सरकार हे दोन विषय तेवढे काढू नका. तुम्ही मान डोलावलीत. आणि ते गाडीतून उतरून पुरते उभेही राहिले नव्हते तर म्हणालात, "विचार त्यांना, त्यांच्याकडचं नवं सरकार कसं आहे?"

डोक्याला हात लावायचा तेवढा बाकी राहिला होता. मी त्यांना विचारलं, प्रवास कसा झाला. ते म्हणाले, लांबला, आणि शेवटपर्यंत धक्के बसत होते. हे मात्र मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं, फक्त प्रवासाचं नाव न घेता. तुम्ही केवढे खूश झालात. "आपल्यासारखंच आहे की," म्हणालात आणि त्यांच्या पाठीवर थाप मारलीत.

म्हणजे आता कळलंच असेल. दिवसभर मी हेच करत होते. तुम्ही निवडणुकीचं बोललात, मी त्यांना स्क्रूच्या भोकांचं सांगितलं. तुम्ही धर्माच्या नावानं मतं मागणाऱ्यांवर घसरलात, मी म्हटलं, काका म्हणतात माल वेळेवर पोचेल. माझ्या नाकी नऊ आले होते. तुम्ही दम न घेता बोलायचात आणि मी चार शब्दांत गुंडाळायचे. आपण ऑर्डर वाचवतोय असंच मला वाटत होतं.

मग ऑफिसात त्यांनी तुमच्या खुर्चीमागचा फोटो पाहिला. विचारलं, हा कोण? मी सांगितलं, काकांचा मुलगा, आता नाही. एवढ्यावर थांबतील असं वाटलं. थांबले नाहीत. त्यांनी जे विचारलं, ते तुम्हाला मी असं सांगितलं, की ही खोली कायम इतकी अंधारी असते का. तुम्ही फोटोकडे पाहिलंत आणि म्हणालात, "सांग त्यांना, तो गेल्यापासून खिडकी उघडावीशी वाटत नाही." मी त्यांना म्हटलं, काका हो म्हणतात. त्यावर ते जे म्हणाले, ते पुढे लिहिते.

जेवताना तुम्ही शेवटचं विचारलंत. त्यांच्या देशात लोक मोर्चा घेऊन निघाले तर सरकार ऐकून घेतं, की गोळ्या घालतं. हे मला फिरवता येईना. मी तुमच्यावरच उलटले. म्हटलं, "पुरे आता काका. दादाला धंद्यात आणू नका." तुम्ही चमचा खाली ठेवलात, हात धुतलात आणि निघून गेलात. पाहुण्यांना वाटलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये.

त्यांना स्टेशनवर सोडायला मीच गेले. गाडीत ते शांतपणे म्हणाले, "तुझे काका खूप बोलत होते. माझ्यापर्यंत फार थोडं आलं." खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. सगळं सांगितलं, दादा ज्या मोर्चात गोळी लागून गेला त्याचंही. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर परवडलं असतं. ते म्हणाले, "समोरचा माणूस काय मानतो हे कळल्याशिवाय आमच्याकडे व्यवहार करत नाहीत. मला तुमच्या बिजागऱ्या आवडल्या. तुझे काका मला भेटलेच नाहीत." मी ज्या विषयांना दिवसभर खो घालत होते, सही त्यांच्यासाठीच अडली होती. आता मी कोणावर चिडू, तुम्हीच सांगा.

खरं सांगायचं तर धंद्याचं निमित्त होतं. दादा गेल्यापासून घरात कोणी सरकारचं नाव काढत नाही, देवाचंही नाही. तुम्ही काढलंत की आई स्वयंपाकघरात जाते आणि मी टीव्हीचा आवाज वाढवते. मग तुम्ही ट्रकवाल्याशी बोलता, न्हाव्याशी बोलता, गिऱ्हाइकाशी बोलता. काकांना जिभेवर ताबा नाही असं मी लोकांना हसत सांगते. तुम्ही दादाबद्दल बोलत असता हे मला ठाऊक असतं. मला ते ऐकवत नाही, एवढंच आहे.

त्या दिवशी पाहुण्यांनी फोटोकडे बोट करून विचारलं होतं, मुलगा गेल्यावर तुमच्या काकांचा देवावरचा विश्वास टिकला का? मी तुमच्या वतीनं हो म्हणून बसले. त्यावर ते म्हणाले होते, "माझा नाही टिकला." तेही मी तुम्हाला सांगितलं नाही. त्यांचं कोण गेलं, हे विचारायचा धीर मला झाला नाही. तुम्ही विचारा.

ते बुधवारी पुन्हा येताहेत. दुसरी दुभाषी आणते म्हटलं तर नको म्हणाले, तूच बस, पण काका बोलतील तितकं सगळं सांग. मी कबूल केलंय. ऑर्डर मिळो न मिळो, त्यांचा प्रश्न मी पुन्हा, शब्दाला शब्द विचारणार आहे. तुमचं उत्तर मीही पहिल्यांदाच ऐकेन. सांगताना मी अडखळले तर जरा थांबा, आणि पाहुण्यांनाही थांबायला सांगा. ते मात्र तुम्हाला खुणेनंच सांगावं लागेल.

बुधवारी या.

तुमची पुतणी,
आणि त्याची बहीण